कड्यावरून खाडीत

रोहेकर : तू शिडाची होडी घेतलीस हे कळलं, आणि तोंडावर सांगतो, मला ते रुचलं नाही. हौस म्हणून घेतली असतीस तर मी काही बोललो नसतो. पण तू भेटेल त्याला सांगतोयस की ही डोंगराचीच पुढची पायरी आहे. विशी-तिशीत कडे चढायचे, साठीत शीड उभारायचं, साधना एकच, जागा तेवढी बदलली. इथे माझं अडतं. आपण एका दोरावर लिंगाणा चढलो, कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी चुकवत श्वास रोखून सरकलो. तिथे जे मिळालं ते धरमतरच्या गढूळ पाण्यात कसं मिळेल? गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डोंगर सुटला, असं सरळ सांगावं. त्यात कमीपणा काहीच नाही. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे, त्याच्यापुढे कुणीही थकणारच. पण थकण्याला मोठं नाव दिलं की आपण आपल्यालाच फसवायला लागतो, आणि डोंगरात स्वतःला फसवणाऱ्याचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय.

पेणकर : गुडघे हे कारण आहेच, मी ते लपवलेलं नाही. चढताना दम लागतो त्याचं काही वाटत नाही, दम बसून घेता येतो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला गुडघ्याची वाटी आपलं अस्तित्व सांगते, पाठीवर सॅक असली तर जास्तच. पण एवढंच असतं तर मी सकाळी तळ्याभोवती फेऱ्या मारत बसलो असतो. खरी गोष्ट अशी की कातळावर मला नवं काही कळेनासं झालं होतं. हात कुठे घालायचा, पाय कुठे रोवायचा, कुठला दगड टिचकी मारल्यावर पोकळ वाजतो, सगळं बोटांना पाठ. मला पुन्हा एकदा अडाणी व्हायचं होतं.

आणि खाडीने मला पुरतं अडाणी केलं. धरमतर खाडीच्या काठावर जन्म गेला, पण पाणी केव्हा चढतं हे मला सांगता येत नव्हतं. ज्याच्याकडे शिकायला जातो तो तांडेल माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, काका, आज तिथी कोणती? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा मुंबई बंदराचा ठोकताळा, खाडीत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. आता याला वारा जोड. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, तो होडीला समुद्राकडे नेतो. दुपारी खारा वारा आत येतो. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला भरती पूर्ण, पुढचे सहा तास ओहोटी आणि पाठीवर मतलई. दुपारी बाराच्या सुमाराला पाणी फिरतं, खारा वारा उभा राहतो आणि दोघं मिळून घरी आणून सोडतात. ऐकायला किती सोपं! पण अष्टमीला पाणी भांगाचं. जोर कमी म्हणून नवशिक्याला बरं, पण भोगावतीत अंतोऱ्याच्या बंदराकडे वरच्या टप्प्यात ते पुरेसं चढत नाही आणि होडी चिखलात बसते. पौर्णिमेला उधाणाचं पाणी मुबलक, पण भरती पूर्ण होते ऐन दुपारच्या तोंडाला. मग ओहोटी होडीला बाहेर ओढते, खारा वारा आत ढकलतो, आणि त्यांच्या ओढाताणीत खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. एका पंचांगात इतकं काही भरलेलं असेल हे मला साठ वर्षं माहीत नव्हतं. हे शिकताना मला जो आनंद होतो तो पहिल्यांदा बिले द्यायला, चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, शिकलो तेव्हाचा आनंद आहे. तोच, दुसरा नाही.

रोहेकर : आनंद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण शिकण्याचा आनंद गवंडीकाम शिकतानाही होईल. माझा मुद्दा धोक्याचा आहे, आणि तोही वयाच्या धोक्याचा. डोंगराने आपल्याला एक मोठी सवलत दिली होती, परत फिरण्याची. हवा बिघडली, दोर अडकला, जोडीदाराचा चेहरा पांढरा पडला, की आपण म्हणायचो, चला खाली. खाली म्हणजेच घराकडे. उतरणं सोपं असतं असं नाही, पण दिशा पक्की असते. तुझ्या खाडीत तसं नाही. तू रेवसच्या तोंडापर्यंत गेलास आणि छातीत कळ आली. ओहोटी जोरात आहे, वारा पडलाय. घर समोर दिसतंय, करंजाच्या बाजूचे दिवेसुद्धा दिसतायत, आणि तुला पाणी फिरेपर्यंत हलता येत नाही. किनारा जवळ आहे म्हणशील, तर ओहोटीला किनारा म्हणजे मांडीभर चिखल. त्यात तिवरांची मुळं वर आलेली, कालवांच्या धारेने पाय फाटतात. निवट्या तिथून उड्या मारत जातात, साठीचा माणूस जाऊ शकत नाही.

आणि शरीराचं म्हणशील तर होडी गुडघ्याला दया दाखवते, बाकी कशाला नाही. शिडाच्या तळाची आडवी काठी वारा फिरला की डोक्यावरून सपकन जाते. विशीतला पोरगा मान खाली घालतो, आपण मान खाली घालायचा विचार करतो. तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं, तर कड्यावरून आपल्याला झोळीत घालून आणणारी माणसं होती. पाण्यात तू एकटा.

पेणकर : एकटा जात नाही, आणि जॅकेट अंगावर असतंच. पण तू ज्याला सवलत म्हणालास त्यावर मी बरेच दिवस विचार करतोय, आणि मला होडी का हवीशी वाटते याचं उत्तर तिथेच आहे. आठव, आपण निर्णय कुठे घ्यायचो? भिंतीवर, अर्ध्यात. खालून बघताना म्हणायचो, जाऊ तर खरं, वर ठरवू. हे चालून जायचं कारण अंगात ताकद होती. चुकीच्या भेगेत शिरलो तरी दंडाच्या जोरावर बाहेर यायचो, आणि घरी सांगताना त्या चुकीचाच पराक्रम व्हायचा. आज ती ताकद नाही. मग उरतं काय? आधी विचार करणं. पाण्यावर निर्णय निघण्यापूर्वी घ्यावा लागतो, कारण निघाल्यावर तू म्हणतोस तशी सवलत नाही. तिथी बघ, ढग बघ, वारा कुठल्या बाजूने येतोय आणि दुपारी कुठे जाईल याचा अंदाज बांध, आणि शंका वाटली तर होडी खुंटाला बांधलेली राहू दे. तरुण माणसाला हे जड जातं. मला वाटतं साठीच्या माणसाला हेच जमावं.

शिवाय हातातलं सगळं वाया जात नाही. बोलाइन गाठ आठवते? कमरेला दोर बांधायला हार्नेस आले नव्हते तेव्हा जगभरचे गिर्यारोहक हीच गाठ मारून चढत. ती मुळात खलाशांची. जहाजावरून डोंगरात गेलेली. मी ती डोळे मिटून, एका हाताने मारू शकतो, कारण तू मला ती मारायला लावायचास, पावसात, बोटं गारठलेली असताना. तांडेलाने ती पाहिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने बघितलं. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही हे तुला ठाऊक आहेच. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरून एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, असं नागमोडी वर जावं लागतं. घाट चढल्यासारखं वाटतं, पण घाट तुला मागे नेत नाही. इथे शीड भरलेलं, नाळेखाली पाणी फेसाळतंय, वाटतं काय वेगात चाललोय, आणि खालून ओहोटी सबंध पाण्यालाच मागे नेत असते. कळणार कसं? काठावरची एक खूण आणि लांबची एक खूण एका रेषेत धरायची. मी बांधावरचं एक शिरीष धरतो आणि त्याच्यामागे कर्नाळ्याचा सुळका. सुळका झाडाला सोडून होडीच्या मागच्या दिशेला सरकायला लागला की समजायचं पाणी ओढतंय. ज्याच्या अंगावर मी तरुणपणी चढलो तो सुळका आता मी कुठे आहे ते मला सांगतो. डोंगर सोडला असं तू म्हणतोस, पण त्याच्याकडे इतक्या वेळा आणि इतकं निरखून मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

रोहेकर : तुझं शिरीष आणि सुळका मला आवडले. पण मग मला दुसरंच काही खुपतं. शिडाची होडी या खाडीला नवी नाही. पेणचं मीठ, भात, कौलं, सगळं मचव्यांतून मुंबईला जायचं. आमच्या कुंडलिकेतही भरतीबरोबर गलबतं रोह्याच्या बाजूला वर चढायची. आगरी आणि कोळी घरांत शिडाचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि इंजिन आलं तेव्हा त्यांनी शीड गुंडाळून माळ्यावर टाकलं. हळहळत नाही, सुटकेचा श्वास टाकून. वारा पडला म्हणून माल कुजणं, वाऱ्यासाठी उपाशी बसणं, तुफानात माणसं जाणं, हे त्यांनी भोगलं होतं. त्यांनी पोटासाठी जे सहन केलं आणि संधी मिळताच टाकून दिलं, ते तू पेन्शन घेऊन मौजेसाठी उचलतोस. समोरून डोलवीकडे बार्ज चाललेले असतात, मासेवाला डिझेलच्या भावाने पिचलेला असतो, आणि मधोमध तुझं पांढरं शीड. बघणाऱ्याला काय वाटत असेल?

पेणकर : सुरुवातीला हसायचे, आता हाक मारतात. पण तुझा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फक्त तो खाडीवरच का लावतोस? कर्नाळ्याच्या, सांकशीच्या कड्यांवर आपण दोर आणि पिटॉन घेऊन गेलो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाकर आणि कातकरी त्या रानात मधासाठी, कंदांसाठी फिरत होते. वेलींच्या आधाराने, अनवाणी. त्यांच्या पोटाच्या वाटेवर आपण मौजेसाठीच गेलो. वाटाड्या म्हणून त्यांनाच घेतलं, आणि वृत्तान्त लिहिताना 'स्थानिकांच्या मदतीने' एवढंच लिहिलं. तेव्हा तुला हे खुपलं नाही. मला आज खुपतं, आणि म्हणून खाडीवर मी तांडेलाचा शिष्य म्हणून जातो. त्याच्या आजोबांना शीड कसं बांधायचं ते अजून आठवतं. त्यांचं शीड माझ्यासारखं उभं तिकोनी नव्हे, तिरक्या काठीला लटकवलेलं. वारा कुठून आला तर ती काठी डोलकाठीच्या कुठल्या अंगाला फिरवायची, हे ते हातवारे करून दाखवतात, कारण शब्द आठवत नाहीत, हात आठवतात. नातू ते पहिल्यांदाच बघत होता. मी होडी घेतली नसती तर हे कुणी विचारलंच नसतं.

आणि आपल्या जिल्ह्यात डोंगर आणि पाणी अशी वाटणी कधी होती? अवचितगडावरून खाली कुंडलिकेचं पात्र दिसतं, तीच नदी रेवदंड्याला कोरलईच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. गड खाडीवर डोळा ठेवायलाच बांधले. १६७९ साली खांदेरीच्या बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली, आणि मायनाक भंडारीची माणसं थळच्या बाजूने रात्री लहान होड्या वल्हवत रसद पोचवत राहिली. वारा पडला की इंग्रजांची शिडं लोंबायची, आणि आपली वल्ही चालायची. पुढे आज्ञापत्रात रामचंद्रपंतांनी किल्ल्यांवर लिहिलं तसंच आरमारावरही लिहिलं, एकाच ग्रंथात. वारा प्रतिकूल असेल तर शत्रूशी गाठ न घालता आपल्या बंदराचा आसरा घ्यावा, असा तिथला सल्ला आहे. परत फिरण्याची सवलत तू डोंगरापुरती ठेवलीस. आरमारवाल्यांनी ती लेखी आज्ञेत घातली होती.

रोहेकर : इतिहासाच्या आडोशाला जाऊ नकोस. ते राज्याचं काम होतं, आपलं मनाचं आहे. उदाहरणच द्यायचं तर तुझ्या मनातलं मला माहीत आहे. टिलमन. आपण त्याची पुस्तकं पावसाळ्यात वाचायचो.

पेणकर : हो, टिलमनच. १९३६ साली ओडेलबरोबर नंदादेवीवर पोचला, ७८१६ मीटर, तोवर माणूस एवढ्या उंच शिखरावर कधी गेला नव्हता. १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने ओळखलं की उंच हिमालय आता आपला नाही. मग १९५४ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, त्याने 'मिस्चिफ' नावाची जुनी शिडाची बोट विकत घेतली. ती १९०६ साली बांधलेली. आणि ती बोट घेऊन तो कुठे गेला? ज्या डोंगरांपर्यंत पोचायला दुसरी वाटच नाही अशा डोंगरांकडे. पाटागोनियाला गेला, बोट किनाऱ्याशी ठेवली आणि तिथलं हिमक्षेत्र चालत ओलांडलं. पुढे ग्रीनलंड, अंटार्क्टिकाच्या बाजूची बेटं. त्याला समुद्र ही डोंगराकडे नेणारी लांबची वाट होती. मला याहून स्वच्छ उदाहरण माहीत नाही.

रोहेकर : आणि शेवट? तोही सांग ना. 'मिस्चिफ' १९६८ मध्ये यान मायेन बेटापाशी गेली, दुसरी बोट १९७२ मध्ये ग्रीनलंडपाशी बुडाली, आणि १९७७ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, रिओहून फॉकलंडकडे जाताना तो ज्या बोटीवर होता ती नाहीशी झाली. नायक होता सायमन रिचर्डसन, तरुण पोरगा. बाकीचे खलाशीही तरुण. एकही परत आला नाही. टिलमनबद्दल लिहिणारे म्हणतात, त्याला साजेसा मृत्यू आला. त्याच्यापुरतं मी मानेन. पण त्या पोरांना कुठला मृत्यू साजत होता? ती बोट त्यांची, बेत त्यांचा, हे मला ठाऊक आहे. तरी मला सांग, एवढा मोठा म्हातारा होडीत बसलेला असताना कुणी तरुण म्हणेल का, की हवा बरी नाही, थांबू या? म्हाताऱ्याच्या असण्यानेच सगळ्यांचा धीर वाढतो. नको तेवढा. कड्यावर अनुभवी माणसाच्या मागे आपण असेच डोळे मिटून गेलोय. तुझा तांडेल आज तुला काका म्हणतो. ज्या दिवशी त्याला वाटेल की काकांना सगळं कळतं, त्या दिवसापासून मला भीती.

आणि टिलमनची उलटी उदाहरणंही आहेत. १९६५ च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचा नेता एम. एस. कोहली नौदलातला अधिकारी होता. त्याच्या मोहिमेतले नऊ जण माथ्यावर पोचले. समुद्राच्या नोकरीतला माणूस डोंगरात जातो, डोंगरातला समुद्रात. त्यावरून वयाचा नियम कुठला निघतो?

पेणकर : नियम मी सांगितलाच नव्हता. मी माझ्यापुरतं बोलतोय. पण त्या पोरांचं तू म्हणालास ते मला लागलं.

(लिहिणारा म्हणून मी दोघांच्या मध्ये पडू नये, पण इथे राहवत नाही. साहसाच्या गोष्टी आपण नेहमी मुख्य माणसाच्या बाजूने वाचतो. वृद्ध साहसवीराच्या गोष्टीत तर त्याच्याबरोबर असलेल्यांची नावं दुसऱ्या वाचनातही लक्षात राहत नाहीत. रोहेकरांचा हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, पुढच्या आक्षेपाइतकाच.)

रोहेकर : मग आता जे मनात आहे ते बोलतो. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. गाडीरस्ता नाही, पाऊस थांबत नाही, यंत्रं वर चढवता येईनात. अंधारात वाट काढत वर पोचणारे कोण? याच भागातली डोंगर फिरणारी पोरं. माती हाताने उपसावी लागली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जणांचा पत्ता नव्हता. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२१ च्या जुलैत, महाडमध्ये तळिये गाव असंच दरडीखाली गेलं. हे आता दर पावसाळ्यात कुठे ना कुठे होणार. या पोरांना दोर कसा लावायचा, झोळी कशी उतरवायची, ओल्या उतारावर पाय कसा टाकायचा हे शिकवणारी माणसं लागतात. ती माणसं म्हणजे आपण. गुडघे गेले तरी खाली उभं राहून शिकवता येतं. तू म्हणतोस मला पुन्हा अडाणी व्हायचंय. मी म्हणतो, ज्या गोष्टीत तू अडाणी नाहीस ती आधी पुढच्याच्या हातात दे.

समुद्राचंच उदाहरण हवं तर व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी घे. निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहिले, समुद्रापासून किती आत! भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांचा. स्वतः ऐंशीच्या घरात. त्यांनी सुकाणू धरलं नाही. त्यांनी दिलीप दोंदे घडवला. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. मागोमाग अभिलाष टॉमी, तो तर कुठेही न थांबता. वयाने माणसाला हे करता येतं. तू मात्र स्वतःच होडीत जाऊन बसलास.

पेणकर : आवटींनी आयुष्यभर समुद्र केला होता म्हणून त्यांना दोंदे घडवता आले. मी समुद्राचा दोंदे कसा घडवू? आणि डोंगराचं म्हणशील तर माझं उत्तर पंचांगातच आहे. शिडाची होडी ऑक्टोबर ते मे. पाऊस लागला की ती ओढून शेडमध्ये जाते, उलटी करून तळ घासायचा. जून ते ऑगस्ट खाडीत माझं काही काम नाही, आणि दरडी नेमक्या तेव्हाच कोसळतात. त्या तीन महिन्यांत मी तुझा. बोलाव तिथे येईन, पायथ्याशी उभा राहीन, दोर गुंडाळीन, पोरांच्या गाठी तपासीन.

रोहेकर : जुलैत कामाला येणारी पोरं जुलैत तयार होत नाहीत. पावसात कातळावर शिकवता येत नाही. सराव होतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोरड्या कातळावर, रविवारी सकाळी. नेमक्या तुझ्या मतलई वाऱ्याच्या वेळेला.

पेणकर : हो. ते जुळत नाही.

रोहेकर : आणि आणखी एक विचारतो. त्या पोराने, तुझ्या तांडेलाने, एखाद्या सकाळी सांगितलं, काका, आज नको. आकाश स्वच्छ आहे, तुला वारा चांगला दिसतोय, तुझी तिथीही बरोबर आहे. तू थांबशील?

पेणकर : कड्यावर तू नको म्हणालास तेव्हा मी थांबलो, कारण दोराचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. मी हट्ट केला असता तर तूही माझ्याबरोबर आला असतास खाली. होडीत तसा दोर नाही. होडी माझी, पैसे माझे, तो पोरगा रोजावर. त्याने नको म्हणावं यासाठी मला काय करता येईल, हे मी अजून शोधतोय. सध्या इतकंच केलंय की त्याचा रोज न निघालेल्या दिवसाचाही देतो. नाहीतर नको म्हणणं त्याला परवडायचं नाही.

रोहेकर : हे बरं केलंस. पण पैसे मिळाले तरी काकांना नाराज करायचं नाही, म्हणून तो हो म्हणेल. त्यावर रोज हा उपाय नाही.

पेणकर : मग तू ये. बोट लागते तुला, माहीत आहे, रेवसपर्यंत नाही नेत. धरमतरच्या पुलापर्यंत. तू बाजूला बसलास तर त्या पोराला कळेल की या म्हाताऱ्याला नको म्हणणारी माणसं आहेत, आणि तो ऐकतो.

रोहेकर : येईन. पण अष्टमी रविवारी पडली तर नाही. त्या दिवशी मी अवचितगडाखाली मेढ्याला असेन, पोरांबरोबर, आणि त्यांनाही तुझी बोलाइन शिकायचीच आहे.